टपालबाब

कॉम्प्युटरनं लिहिलेली पत्रं एक चांगल्या कपड्यांतला माणूस चहाच्या गाड्यावर उभा राहून मोठ्यानं वाचतोय, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दचकलोच. म्हणलं, परक्या मुलखात पाय ठेवला नाही तोच येडा भेटला. पुढं याच माणसामुळं माझं ड्रायव्हिंगचं लायसन माझ्या खिशात राहिलं. ते गेलं असतं तर मी आज कुठं असतो, देव जाणे. पण त्यांनी ते ज्या रीतीनं वाचवलं, आणि का वाचवलं म्हणून मला नंतर सांगितलं, त्या धक्क्यातून मी अजून पुरता बाहेर आलेलो नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी परभणीकडचा. शाळा सातवीत सुटली. आधी क्लीनर झालो, मग ड्रायव्हर. दुसरं मला काही येत नाही. गोव्यात खाणी परत चालू झाल्यात, ड्रायव्हर पाहिजेत, असं कळलं म्हणून डिचोली तालुक्यात सुर्ल्याला आलो. खाणीवरची तांबडी लोखंडाची माती भरायची, उतारावरून खाली नदीच्या धक्क्यापर्यंत न्यायची, तिथं ती बार्जमध्ये पडते. दिवसभर हेच. माझ्या नावाशी तिथं कुणाला घेणं नव्हतं. सगळे मला ‘परभणी’ म्हणत. हे पत्रं वाचणारे गृहस्थ तेवढे ‘परभणीकार’ म्हणत, जसं काही ते माझं आडनावच आहे.

त्यांचंही नाव कुणी घेत नसे. टपालबाब. बस्स.

आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दोन खोल्या. एकीत शेट बसत, पंख्याखाली. दुसरीत एसी. तो एसी माणसासाठी नव्हता, मशीनसाठी होता, आणि त्या मशीनबरोबर टपालबाब. खोलीत जाताना ते चपला बाहेर काढत आणि खिशातली लोकरीची टोपी डोक्यावर चढवत. बाहेर आल्यावर टोपी काढायची मात्र आठवण राहत नसे. मे महिन्यात, आम्ही सगळे बनियनवर, अंगावर तांबड्या मातीचा थर, आणि हे लोकरीच्या टोपीत चहाच्या गाड्यावर उभे. एका हातात फोन, दुसऱ्या हातात उंडो, म्हणजे तिकडचा गोल पाव. तो चहात बुडवायचा आणि वाचायचं.

“आयका. ‘वजनकाट्याच्या हिशेबाची प्रत काढली. जागा शिल्लक आहे.’ शाबास!”

“आणि ह्यो डिझेलवालो बघा. ‘फाइल सापडली नाही.’ काल पण हेच, परवा पण हेच. ह्याला कोणी फाइल द्या रे, बिचारा रोज शोधतो.”

सावंतवाडीकडचा बाबलो म्हणून एक ड्रायव्हर होता, माझा जोडीदार म्हणा. तो मुद्दाम काडी घालायचा. “काय ओ टपालबाब, मशिनीचा लगीन ठरला की नाय?”

“ठरलं तर पयलें टपाल तुलाच, बाबल्या. जेवणाच्या पंगतीत शेवटी बस.”

मला हे सगळं काय चाललंय ते कळेना. मग एकदा त्यांनीच समजावलं. मशीनवर युनिक्स नावाची व्यवस्था होती. तिला वेळा लावून कामं नेमून दिलेली असतात. कुठलं काम दर तासाला, कुठलं रोज उजाडायच्या आत. माणूस असो नसो, ती आपली होतात. आणि काम झाल्यावर त्यातून जे काही बाहेर पडेल, एक ओळ पडो नाहीतर चार पानं, ते मशीन मेल करून त्या कामांच्या मालकाला धाडतं. टपालबाब त्याला मेल म्हणत नसत. टपालच म्हणत. ते सगळं टपाल त्यांना येई आणि ते सगळंच्या सगळं वाचत. दुसऱ्या कंपन्यांत असं टपाल कुणी उघडूनसुद्धा बघत नाही म्हणे. हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला, जसं काही एखाद्यानं आईला दारात उभी ठेवलीय.

यंत्राचं अक्षर न् अक्षर वाचणारा हा माणूस माणसाचं मात्र ऐकत नसे. म्हणजे अगदीच नाही. आपण बोलायला लागलो की तिसऱ्या शब्दाला त्यांची नजर आपल्या खांद्यावरून पलीकडं जायची. म्हणायचे, “माणूस बोलतो त्यात वारा किती आणि माल किती? मशीन लिहितं तो सगळा माल.” त्यांचं घर मुळगावला. मी एकदा त्यांना ट्रकमधून घरी सोडलं तेव्हा त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, मला अंगणात गाठून सांगितलं, “आता मी ह्यांना जेवायला हाक मारीत नाही हो. मेल धाडते. ‘जेवण तयार. मासे थंड होत आहेत.’ पाच मिनिटांत पानावर हजर!”

मी हसलो. मग बघतो तर त्या हसत नव्हत्या. खरंच धाडत होत्या.

हरमलचा किस्सा तर सगळ्या डिचोलीला ठाऊक असेल. तिथं समुद्राकडं त्यांच्या मेव्हण्याच्या टुरिस्टांना द्यायच्या खोल्या. टपालबाबांनी तिथं पाण्याच्या टाकीला एक छोटं यंत्र बसवून दिलं. टाकीत किती पाणी आहे ते दर तासाला मेव्हण्याच्या फोनवर मेल. मेव्हणा वैतागला. “भावजी, टाकीच्या टपालात माझी बुकिंगं हरवतात!” आणि एक दिवस कुणा जाणकार पोराकडून त्यानं ते बंद करून घेतलं. काम चालू, टपाल बंद. झालं काय, पंप बिघडला, टाकी कोरडी पडली, यंत्र आपलं आतल्या आत सांगत राहिलं. ऐन सिझनमध्ये एक गोरा पाहुणा डोक्यापासून पायापर्यंत साबणाच्या फेसात, कमरेला टॉवेल, भर दुपारी अंगणात येऊन उभा. काय बोलत होता ते कुणाला कळेना, पण त्याचा अर्थ कुणी विचारलाही नाही. मेव्हण्याच्या बायकोनं विहिरीचं पाणी काढून त्याच्या अंगावर ओतलं.

टपालबाब हे सांगताना हसत नसत. “ओरडणाऱ्याचं तोंड दाबलं की ओरडणं थांबतं. टाकी भरत नाही,” एवढं म्हणत आणि उंडो बुडवत.

असं असून त्यांनीच काही कामांना गप्प राहायला शिकवलं होतं. हे इथं नीट सांगायला पाहिजे, कारण पुढं सगळं याच्यावरच आहे. त्यांच्याकडं कामं दोन जातींची. एक ‘बोलकी’: काही झालं काय, न झालं काय, रोज दोन ओळी लिहिणारच. दुसरी ‘शहाणी’: सगळं ठीक असलं तर चकार शब्द काढायचा नाही, बिघाड असला तरच लिहायचं. त्यातलं सगळ्यात लाडकं शहाणं म्हणजे ब्रेकचं काम. ते रोज सकाळी प्रत्येक ट्रक बघायचं. कुठल्या ट्रकच्या ब्रेकची तपासणी थकली असेल तर त्याचा नंबर लिहून टपालबाबांना टपाल. टपालबाब लगेच चिठ्ठी लिहून गॅरेजमध्ये मिस्त्रीला द्यायचे. मिस्त्री चिठ्ठीशिवाय ट्रकच्या चाकाला हात लावत नसे. शेटची तशी सक्त ताकीद होती, नाहीतर म्हणे जो तो ड्रायव्हर आराम करायला गॅरेजला ट्रक लावील.

त्या दसऱ्याला ऑफिसात नवी मशीन आली. टपालबाबांनी तिला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, शेटच्या हातून कुंकू लावलं, आणि जुन्या मशीनवरची सगळी कामं एकेक करून नव्या घरात आणली. त्यानंतर गाड्यावर ते फार खुशीत असत. “बघ, परभणीकार, शहाणा गप्प आहे. नवी मशीन आल्यापासून एक टपाल नाही. सगळ्यांचे ब्रेक बरे.”

आम्हालाही बरं वाटायचं. उतारावर लोड घेऊन उतरणाऱ्याला कुणी असं सांगितलं तर का बरं वाटणार नाही?

संक्रांतीनंतर कधीतरी माझ्या ट्रकचं पेडल मऊ लागायला लागलं. पाय टेकला की लोण्यात गेल्यासारखा जायचा, मग पकडायचा. मी मिस्त्रीला म्हणलं. मिस्त्री म्हणाला, “चिठ्ठी खंय?” मी टपालबाबांकडं गेलो. ते खोलीच्या दारातच होते, टोपी घालून. मी म्हणलं, “बाब, पेडल जरा मऊ...”

त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं गेली. “शहाणा गप्प आहे रे. काळजी नको.”

आणि मला खरंच काळजी वाटेनाशी झाली. एवढी मोठी मशीन, एवढा शिकलेला माणूस. माझा पाय काय सांगतोय त्याला कोण विचारतो?

शिगम्याच्या तोंडावर ते झालं. सकाळची दुसरी फेरी. गावात रोमटाचे, म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीचे, ढोल वाजवून बघत होते, आवाज कानावर येत होता. उतार चालू झाला, मी पेडल दाबलं, आणि पेडल फळीला जाऊन बसलं. वर आलंच नाही.

बाकीचं पुढं सांगतो. इथं एवढंच, की पुढं एक स्कूटरवाला होता, आणि रस्त्याच्या कडेला कुणाच्या तरी नव्या घरासाठी चिरे रचून ठेवलेले होते. मी ट्रक चिऱ्यांवर घातला. ट्रकचं तोंड आत गेलं. स्कूटरवाला खडीवर घसरून पडला आणि त्याचा पाय मोडला. तो जिवंत होता. मीही होतो. मी खाली उतरून त्याच्याकडं गेलो.

आणि केबिनमध्ये माझा फोन खाली पडून उजळलेला. नेमका त्याच वेळेला घरून बायकोचा फोन येत होता. लोकांनी काच फुटलेल्या दारातून तो बघितला. झालं. पोलिस यायच्या आत सगळ्या रस्त्याला कळलं होतं की ड्रायव्हर फोनवर होता.

लायसन पोलिसांनी ठेवून घेतलं. हयगयीनं गाडी चालवून माणूस जखमी केल्याची तक्रार. ती टिकली तर लायसन परत मिळणार नाही, कदाचित आतही जावं लागेल, असं बाबल्यानं कुठूनतरी विचारून आणलं. वर म्हणाला, “भियाव नको रे परभणी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेटनी ऑफिसात बोलावलं. विम्याच्या कंपनीचा माणूस आला होता. मिस्त्री होता. टपालबाब आपल्या दारात उभे, टोपी डोक्यावर.

शेट म्हणाले, “फोनार आशिल्लो मरे तूं?”

“नाही शेट. आईशपथ नाही. ब्रेक लागलाच नाही.”

“मिस्त्री?”

“ब्रेकचां काम चिठ्ठी इली की मी करतंय. ह्या ट्रकाची चिठ्ठीच येवक नाय.”

शेट टपालबाबांकडं वळले. मीही वळलो. का कुणास ठाऊक, मला वाटलं हा माणूस माझी बाजू घेईल. मी यांना पेडल मऊ लागतंय म्हणून सांगितलं होतं ना.

टपालबाब म्हणाले, “शहाणा गप्प होता. ब्रेक बराच असणार.”

मला कुणी कानाखाली मारली असती तरी एवढं लागलं नसतं. मी पेडलचं काढणार, तोच विम्याचा माणूस म्हणाला, “हे मला कागदावर द्या. मशीननं इशारा दिलेला नाही, असं.”

“आता देतो,” टपालबाब म्हणाले. मग माझ्याकडं बोट करून, “ह्यालाही आत घेऊन जातो. बघू दे स्वतःच्या डोळ्यांनी. मशीन खोटं बोलत नाही, परभणीकार. चल.”

मी चपला काढल्या आणि पहिल्यांदा त्या खोलीत गेलो. थंडीनं अंगावर काटा आला. ते खुर्चीवर बसले, मी मागं उभा. त्यांनी भराभर काहीतरी लिहिलं. मला नंतर समजलं ते असं: नव्या मशीनवर त्यांनी ट्रकांच्या या ब्रेकच्या कामाला एक वेगळं खातं काढून दिलं होतं, वेगळं घर म्हणा. त्या घरात ते स्वतः दसऱ्यानंतर कधी गेले नव्हते. जायची गरजच नव्हती. आता विम्याच्या माणसाला कागद द्यायला म्हणून ते त्या घरात शिरले.

पडद्यावर एक ओळ आली. मला इंग्रजी येत नाही. टपालबाबांचे हात थांबले.

“काय झालं बाब?”

“म्हणतं, तुझं टपाल आलंय.”

त्यांनी आणखी काही दाबलं. आणि पडदा भरला. ओळीखाली ओळ, ओळीखाली ओळ, संपतच नव्हती, ते बोट दाबून धरत होते आणि ओळी वर वर सरकत होत्या. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण आकडे येतात. आणि त्यातल्या कितीतरी ओळींच्या शेवटी माझ्या ट्रकचा नंबर होता. ज्या नंबरची पाटी मी रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायचो, तो. खाली, त्याच्या खाली, अजून खाली. संक्रांतीपासून, रोज.

ते यंत्र रोज सकाळी ओरडत होतं. माझं नाव घेऊन ओरडत होतं, असंच म्हणायचं.

टपालबाबांनी टोपी काढली. डोक्यावरचे पांढरे केस घामानं चिकटले होते, त्या थंडीत. मग हळू आवाजात, माझ्याशी नाही, त्या मशीनशीच बोलल्यासारखे म्हणाले, “पत्ता घातलाच नाही मी.”

जुन्या मशीनवर कामांच्या यादीच्या डोक्यावर एक ओळ होती: टपाल अमक्याला धाडा. बाकीच्या कामांची ती ओळ त्यांनी आणली. ट्रकांच्या नव्या घराची तेवढी राहिली. पत्ता नसला की मशीन टपाल फेकत नाही, ते त्याच घराच्या पेटीत टाकून ठेवतं. आणि त्या घरात माणूसच राहत नव्हता. ज्या माणसानं जन्मभर एक टपाल न वाचता सोडलं नाही, त्याच्या हातून हे झालं. आणि शहाण्याचं टपाल येत नाही म्हणून तो खूश होता. ते मात्र दुसऱ्याच दारात पडत होतं.

मग त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. त्यांच्या लक्षात आलं होतं की हे फक्त मी पाहिलंय, आणि मला ते वाचता येत नाही.

“तू बाहेर बस,” ते म्हणाले.

मी बाहेर आलो. आतून कडी लागली. शेटनी विचारलं, “कितें म्हणटा?” मी म्हणलं, “बघतायत.” दुसरं काय म्हणणार? आत मी नुसता माझा नंबर पाहिलाय, असं सांगितलं असतं तर कोण ऐकणार होतं? मी जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, बाकावर बसलो. विम्याचा माणूस जेवून आला. बाबलो दोनदा डोकावून गेला. बायकोचा फोन आला तो मी उचलला नाही. कडी लागलेली ती लागलेलीच. मला आतल्या आत कळत गेलं की आता सगळं पुसलं जात असणार. मला राग नव्हता येत, खरं सांगतो. त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं हेच मनात येत होतं आणि त्याची भीती वाटत होती.

दुपार कलल्यावर दार उघडलं. टपालबाब उघड्या डोक्यानं बाहेर आले. हातात छापलेल्या कागदांचा गठ्ठा. तो त्यांनी शेटच्या टेबलावर नाही, विम्याच्या माणसाच्या पुढ्यात ठेवला.

“ब्रेक थकलेला होता. मशीन रोज सांगत होतं. टपालाचा पत्ता मी घातला नव्हता. चूक माझी.”

शेट उठून उभे राहिले. “कितें उलयता तूं? ताप आयला?” मग त्यांचा दंड धरून बाजूला ओढलं, पण मी तिथंच होतो, मला ऐकू आलं. “हें पुसून उडय. कोणाक कळटलें?”

“आता ह्यांना कळलंय ना,” टपालबाब विम्याच्या माणसाकडं बोट दाखवून म्हणाले.

“तुझी नोकरी गेली समज!”

“समजलो.” मग ते परत विम्याच्या माणसाकडं वळले, जसं काही एक ओळ लिहायची राहिली होती. “आणि परभणीकार फोनवर नव्हता असं मी म्हणत नाही. ते मला माहीत नाही. ब्रेक नव्हता, एवढंच मला माहीत आहे. तेवढंच लिहा.”

एवढ्या सगळ्यातसुद्धा मला हसू फुटलं. मग हसू गेलं आणि रडू आलं, आणि मिस्त्रीनं मला हाताला धरून बाहेर नेलं.

पुढं पोलिसांनी ट्रकचे ब्रेक तपासून घेतले. कागद आणि ब्रेक दोन्ही एकच सांगत होते. त्या वेळी बायकोचा फोन मी उचललाच नव्हता, हेही फोनवरूनच निघालं. माझ्यावरची तक्रार सुटली, लायसन परत मिळालं. स्कूटरवाल्याला मी दोनदा भेटून आलो. तो काठी घेऊन चालायला लागला होता. पहिल्या भेटीत त्यानं मला शिव्या दिल्या, दुसऱ्या भेटीत चहा दिला. टपालबाब गाड्यावर यायचे बंद झाले. सकाळी चहा प्यायला उभं राहिलं की सगळं चुकल्या चुकल्यासारखं वाटायचं. बाबलो म्हणाला, “आता मशिनीन काय कळवल्यान ता कोण सांगतलो?”

लायसन हातात पडलं त्याच दिवशी मी पेढे घेऊन मुळगावला गेलो. टपालबाब अंगणात कदेलीवर, लाकडी खुर्चीवर, बसले होते, हातात काही नाही. असं रिकाम्या हातानं बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी पेढे ठेवले आणि वाकलो.

त्यांनी पाय मागं घेतले. असे झटकन, जसं काही मी विस्तव घेऊन वाकलोय.

“पाया कसला पडतोस? मी तुला मारत होतो.”

“बाब, तुमच्यामुळं मी...”

“थांब. मी आत कडी लावून काय करत होतो, माहीत आहे? पुसायची आज्ञा लिहून ठेवली होती. एक बटण दाबायचं राहिलं होतं. अर्धा दिवस माझं बोट त्या बटणावर होतं.”

मी वाकलेलो होतो तो सरळ झालो.

“आणि तुझी दया आली म्हणून दाबलं नाही, असंही समजू नको. तू मनातच नव्हतास. मला एवढंच वाटलं, ही एक पेटी मी पुसली, तर उद्यापासून बाकीचं टपाल मी कुठल्या तोंडानं वाचू? मग ते खरं कशावरून? एवढंच. तुझ्यासाठी काही नाही केलं मी. ने तुझे पेढे.”

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. “ऐकलंत? माणूस उपकार मानायला एवढ्या लांबून आला आणि हे त्याला काय सांगतात!”

माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मला नीट मांडता येणार नाही. इतके दिवस मी या माणसाला देवाच्या जागी ठेवून झोपत होतो. घरी बायकोला रोज सांगत होतो. आणि मी त्यांच्या मनातच नव्हतो! तसंच निघून जावं असंही वाटलं. पण गेलो नाही. कारण मला दुसरीही एक गोष्ट कळत होती, की हे त्यांनी मला सांगितलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं. पेढे घेऊन ते नुसते हसले असते तरी चाललं असतं. पुसण्यासारखं होतं आणि त्यांनी हेही पुसलं नाही.

मी म्हणलं, “असू दे बाब. कशासाठी का असेना.” आणि परत वाकलो. या वेळी त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, पण तोंड फिरवलं.

मग अंगणातल्या तुळशीकडं बघत, म्हणाले, “तू मला सांगितलं होतंस. पेडल मऊ लागतं म्हणून.”

“हो.”

“मी ऐकलं नाही.” त्यांनी आतून दुसरी कदेल ओढून आणली, स्वतः, वहिनी पुढं झाल्या तरी त्यांना देऊ दिली नाही. माझ्यासमोर मांडली. “बस. आता सांग. त्या दिवशी काय झालं ते. पहिल्यापासून. काही गाळू नको.”

मी बसलो आणि सांगायला लागलो. पेडल फळीला बसलं तेव्हा पायाला आधी थंड वाटलं. ते थंड कशाचं होतं मला अजून कळलेलं नाही. मी हँडब्रेक ओढला, तो नुसता किंचाळला. गिअर खाली घेतला, ट्रकनं एकदा अंग झाडलं आणि परत वेग धरला. स्कूटरवाल्याच्या पाठीवर निळा शर्ट होता, वाऱ्यानं फुगलेला. हॉर्न मी दाबून धरला होता, पण खाली ढोल वाजत होते, त्याला ऐकू गेला नसावा. चिरे दिसले तेव्हा मनात आलं, कुणीतरी घर बांधतंय, त्याचं नुकसान होईल. खरंच हेच मनात आलं. मग बायकोचा फोन वाजायला लागला आणि मला वाटलं, तिला कळलंय. स्टेअरिंग फिरवलं तेव्हा मी मोठ्यानं आईला हाक मारली. माझी आई जाऊन बरीच वर्षं झालीत.

टपालबाब एकदाही मध्ये बोलले नाहीत. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं गेली नाही. पोलिसांनी मला फोनचं विचारलं होतं, शेटनी ट्रकचं, घरच्यांनी लायसनचं. त्या केबिनमध्ये काय झालं हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं, आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. मी काही न गाळता शेवटापर्यंत आलो. चिऱ्यांची तांबडी धूळ खाली बसली इथपर्यंत.

मी थांबलो. ते अजून बघतच होते, आणखी काही यायचं राहिलंय का, अशा नजरेनं. मग त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला दोन्ही काचा पुसल्या, आणि म्हणाले,

“पोचलं.”